पक्षाबाहेरचा मंत्री टिकत का नाही? १९४७ ते १९५६ चा धडा

सुधागड

मंत्रिमंडळाचा विस्तार आला की आपल्याकडे बोलणं एकाच अंगाने होतं. कुणाची वर्णी लागली, कुणाला डच्चू मिळाला, कुठल्या जिल्ह्याच्या पदरात काय पडलं. आणि मग कुणीतरी म्हणतंच, "पक्ष बाजूला ठेवून लायक माणसं घ्या की!" मलाही हे मनापासून पटायचं. पण हा प्रयोग आपल्या देशात एकदा खराखुरा झालेला आहे आणि त्याचं पुढे काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

१५ ऑगस्ट १९४७ ला शपथ घेतलेल्या मंत्रिमंडळात नेहरू धरून चौदा जण होते. त्यातले सहा काँग्रेसचे नव्हते. कायदा खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे, जे आयुष्यभर काँग्रेसशी लढत आलेले. उद्योग आणि पुरवठा श्यामाप्रसाद मुखर्जींकडे, म्हणजे हिंदू महासभा. संरक्षण अकाली दलाच्या बलदेव सिंगांकडे. अर्थखातं आर. के. षण्मुखम चेट्टींकडे, ज्यांच्यावर इंग्रजांच्या जवळचे असा शिक्का होता. रेल्वे टाटांकडून आलेल्या जॉन मथाईंकडे आणि व्यापार सी. एच. भाभांकडे. सत्ताधारी पक्षाने स्वतःहून एवढी दारं उघडल्याचं उदाहरण जगात शोधूनच काढावं लागेल.

आता पुढचं बघा. चेट्टी आणि भाभा १९४८ मध्येच गेले. पाकिस्तानशी नेहरू-लियाकत करार झाला तेव्हा, एप्रिल १९५० मध्ये, मुखर्जींनी राजीनामा दिला. मथाई तोवर अर्थमंत्री झाले होते. नियोजन आयोगाला किती अधिकार द्यायचे यावरून खटका उडाला आणि त्याच वर्षी तेही बाहेर पडले. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेब गेले. १९५२ च्या निवडणुकीनंतर नवं मंत्रिमंडळ आलं तेव्हा या सहांपैकी एकही त्यात नव्हता.

यांच्यापैकी कुणी कमी लायक होतं असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? लायकी भरपूर होती. पाठीशी खासदार नव्हते.

बाबासाहेबांचं राजीनाम्याबद्दलचं निवेदन वाचताना हे फार टोचतं. त्यात ते सांगतात की कायदा खात्याबरोबर नियोजनाचं खातं मिळेल असं त्यांना सुचवलं गेलं होतं, ते मिळालं नाही. एकेका मंत्र्याकडे दोन-दोन, तीन-तीन खाती होती आणि काम मागणाऱ्या या माणसाला तात्पुरता कार्यभारसुद्धा दिला गेला नाही. परराष्ट्र आणि संरक्षण यांसारख्या महत्त्वाच्या समित्यांवर ते नव्हते. समित्यांनी आधीच घेतलेले निर्णय नोंदवून घेण्यापुरतं मंत्रिमंडळ उरलं आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आणि हिंदूंच्या विवाह-वारसा कायद्यांच्या हिंदू कोड बिलावर तर त्यांची तक्रार अशी की सत्ताधारी पक्षाच्या मुख्य प्रतोदांनीच साथ दिली नाही. ज्या पक्षाच्या मतांवर विधेयक पास व्हायचं त्या पक्षाचे कायदामंत्री सदस्यच नव्हते. सप्टेंबर १९५१ मध्ये मोजकी कलमं होऊन ते विधेयक बाजूला पडलं.

पुढे तेच विषय तुकड्यातुकड्यांनी १९५५-५६ मध्ये मंजूर झाले. हिंदू वारसा कायद्याचं विधेयक संसदेतून पार नेलं ते आपल्या जळगावकडच्या हरिभाऊ पाटसकरांनी. पाटसकर काँग्रेसचे. मसुद्यामागची बुद्धी आणि कष्ट आंबेडकरांचे, पण मतं मिळाली ती पक्षाच्या माणसाला.

दुसरं उदाहरण माझ्या जिल्ह्यातलं, म्हणून जास्त जवळचं. चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मथाई गेल्यावर १९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. सहा वर्षं त्यांनी ते खातं सांभाळलं. मग मुंबईचा प्रश्न आला. मुंबई केंद्रशासित करायचं ठरलं, मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली. जुलै १९५६ मध्ये देशमुखांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत उभं राहून सांगितलं की एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चेला आलाच नाही. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी टाळल्याचा रागही त्यांनी लपवला नाही. नेहरूंनी त्यांचं म्हणणं नाकारलं.

म्हणजे १९५१ मध्ये आंबेडकर आणि १९५६ मध्ये देशमुख, दोघांची तक्रार जवळजवळ एकच. निर्णय आपल्या नकळत कुठेतरी दुसरीकडेच होतो. माझं म्हणणं असं की पक्षाबाहेरून आलेला मंत्री हा मंत्रिमंडळात भाडेकरू असतो. मालकाशी जोवर पटतंय तोवर राहायचं. पक्षनिष्ठा बघून मंत्री निवडणं वाईट, हे आपण पटकन बोलून जातो, पण निष्ठा बाजूला ठेवून आणलेल्या माणसाच्या हातात प्रत्यक्षात काय उरतं याचा विचार करत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

नागपुरी वकील

लेख आवडला. दोन गोष्टी जोडतो.

पहिली. देशमुख १९५२ ला कुलाब्यातून (म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातून) काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते, त्यामुळे कागदोपत्री ते पक्षाचेच. पण तुमचा मुद्दा त्याने पडत नाही. तिकीट मिळाल्याने कुणी पक्षाचा होत नाही. तालुक्यातला कार्यकर्ता, जिल्हा समिती, वर्गणी, भांडणं, यांतून माणूस पक्षाचा होतो. देशमुखांचं सगळं आयुष्य सचिवालयात आणि बँकेत गेलेलं.

दुसरी जास्त महत्त्वाची. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मंत्रिमंडळाच्या सामूहिक जबाबदारीवर चर्चा झाली. तिथे स्वतः आंबेडकरांनी सांगितलं की ही जबाबदारी टिकते ती दोन तत्त्वांवर. पंतप्रधानांच्या सल्ल्याशिवाय कुणाला मंत्री करायचं नाही आणि पंतप्रधान नको म्हणाले तर कुणाला मंत्रिमंडळात ठेवायचं नाही. म्हणजे ज्या व्यवस्थेची धग त्यांना तीन वर्षांनी लागली तिची गरज त्यांनी पूर्ण जाणून मांडली होती. त्यांना हे पक्कं माहीत होतं की मंत्रिमंडळाने एका आवाजात बोलायचं तर कुणाच्या तरी एकाच्या हातात निवड हवी. संविधानाच्या ७५ व्या कलमात लोकसभेला मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या जबाबदार आहे असं आहे. एकेकटा मंत्री किती हुशार, याला तिथे स्थान नाही.

तेव्हा पक्षनिष्ठा ही संसदीय पद्धतीत घुसलेली कीड नाही. ती या पद्धतीच्या पायातच आहे.

पूर्वा

सुधागडदादा, मग डॉ. मनमोहन सिंगांचं काय? ते तर राजकारणीही नव्हते. आणि अलीकडेही परराष्ट्र सेवेतून, आयएएसमधून आलेले मंत्री आहेतच की. ते टिकलेत. मला वाटतं तुम्ही जुन्या काळावरून जरा जास्तच मोठा निष्कर्ष काढताय.

सुधागड

पूर्वाताई, मनमोहन सिंगांचं उदाहरण घेऊनच बोलू, कारण ते माझ्या बाजूचं आहे असं मला वाटतं.

जून १९९१. नरसिंह राव पंतप्रधान झाले तेव्हा ते स्वतःच लोकसभेचे सदस्य नव्हते. (आपल्या रामटेकचे ते दोनदा खासदार होते, पण १९९१ ची निवडणूक त्यांनी लढवली नव्हती.) सोनं गहाण टाकायची वेळ आलेली. अशा वेळी त्यांनी पक्षातल्या रांगेतल्या लोकांना मागे ठेवून अर्थतज्ज्ञ आणला. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या. मग विरोधी पक्षांच्या बरोबरीने काँग्रेसचे स्वतःचे खासदारही उठले. थोड्याच दिवसांत ती वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली आणि लहान शेतकऱ्यांना त्यातून वगळावं लागलं. सिंग टिकले, पण कशामुळे? राव शेवटपर्यंत त्यांच्या मागे उभे राहिले आणि पक्षाशी देवाणघेवाण रावांनी केली. शिवाय त्याच वर्षी सिंग काँग्रेसतर्फे आसाममधून राज्यसभेवर गेले. बाहेरचा माणूस टिकायचा तर पक्षातल्या एका वजनदार माणसाने त्याची सगळी राजकीय उसनवारी फेडत राहावं लागतं. १९५१ मध्ये आंबेडकरांसाठी हे कुणी केलं नाही.

संपादक मंडळ

चर्चा चांगली चालली आहे. सध्याच्या मंत्रिमंडळांतल्या व्यक्तींवर वैयक्तिक शेरे आले तर प्रतिसाद काढले जातील, कोणत्याही पक्षाचे असोत.

एरीकाठची

मी अमेरिकेत, ओहायोत राहते, तेव्हा इकडची बाजू सांगते. इथे मंत्री कायदेमंडळाचा सदस्य असूच शकत नाही. त्यामुळे सुधागड म्हणतात तसा मतदारसंघ, खासदार, प्रतोद हा प्रश्न इथे नाही. मग इथे तरी पक्षाबाहेरची माणसं सुखाने नांदत असतील असं वाटेल.

काही काळ तसं होतंही. जून १९४० मध्ये, युरोपात युद्ध पेटलेलं असताना, डेमोक्रॅट रूझवेल्ट यांनी युद्धखातं हेन्री स्टिमसन यांना आणि नौदल फ्रँक नॉक्स यांना दिलं. दोघेही रिपब्लिकन, नॉक्स तर १९३६ मध्ये रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उपाध्यक्षपदाला उभे होते. ओबामांनी बुश यांचेच संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांना २०११ पर्यंत ठेवलं.

पण २०१३ मध्ये ओबामांनी त्याच खात्यासाठी चक हेगल यांचं नाव दिलं तेव्हाची गंमत बघा. हेगल माजी रिपब्लिकन सेनेटर, लढाईत जखमी झालेले सैनिक. त्यांना सर्वात कडवा विरोध केला तो त्यांच्याच जुन्या पक्षाने. ५८ विरुद्ध ४१ मतांनी ते कसेबसे पार झाले आणि रिपब्लिकनांची बाजूने मतं पडली फक्त चार. पलीकडच्या गोटात काम करायला जाणारा हा फितूर, अशी वागणूक त्यांना मिळाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट बहुमताने नियम बदलला आणि सर्वोच्च न्यायालय वगळता बाकी नियुक्त्यांसाठीचा ६० मतांचा अडसर काढून टाकला. तेव्हा त्यांचा वैतागही खरा होता, नावं महिनोन्‌महिने अडवली जात होती. पण परिणाम असा झाला की अध्यक्षाला आता विरोधी पक्षातल्या कुणाचंही मन वळवण्याची गरज उरली नाही. आपल्या पक्षाची मतं पुरतात. २०१७ मध्ये शिक्षणमंत्री बेट्सी डीव्हॉस ५०-५० झाल्यावर उपाध्यक्षांच्या मताने मंत्री झाल्या, मंत्रिपदाच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. जानेवारी २०२५ मध्ये संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांच्या वेळी पुन्हा तेच.

आणि त्याच आठवड्यात, त्याच अध्यक्षांनी दिलेलं मार्को रुबियो यांचं नाव ९९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं होतं! सगळ्यांना चालेल असा माणूस देता येत नाही असं नाही. तसा देण्याची सक्ती गेली, एवढंच.

राजापूरकर

सगळे मोठमोठ्या तत्त्वांवर बोलताहेत, मी जरा माझ्या गावाकडे येतो. पक्षाचा म्हणून घेतलेला मंत्री म्हणजे कमअस्सल, ही समजूतच मला मान्य नाही.

१९७७ च्या जनता सरकारात खाती कशी वाटली गेली? घटक पक्षांच्या हिशेबाने. जनसंघाला इतकी, लोकदलाला इतकी, संघटना काँग्रेसला इतकी, समाजवाद्यांना इतकी. शुद्ध पक्षीय वाटणी. आणि त्या वाटणीत समाजवाद्यांच्या वाट्यातून रेल्वेमंत्री झाले आमचे राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, हाडाचे समाजवादी. १९७४ च्या संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत घेतलं. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमध्ये तोवर नुसत्या लाकडी फळ्या असायच्या, त्यांवर फोमची गादी आली ती त्यांच्या काळात. ज्यांनी रात्रभर त्या फळीवर अंग शेकून मुंबई-दिल्ली केली आहे त्यांना विचारा याची किंमत. पहिल्या वर्गाचे लाड न करता दुसऱ्या वर्गाकडे बघायचं, हा निर्णय तज्ज्ञाच्या अहवालातून आला नाही. तो त्यांच्या विचारातून, म्हणजेच त्यांच्या पक्षातून आला.

पुढे १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं आणि ई. श्रीधरन यांच्यासारखा जाणकार त्याच्या प्रमुखपदी आला. मला हीच खरी वाटणी वाटते. कुठे रूळ टाकायचे हे ठरवणारा विचाराचा माणूस, आणि ते कसे टाकायचे हे जाणणारा त्याच्या हाताखाली, पूर्ण मोकळीक देऊन.

मांडवीकाठ

राजापूरकर, तुमचे दंडवते पक्षाचे होते, म्हणजे पक्षाचा विचार तरी होता. आमच्या गोव्यात काय होतं ते ऐका.

गोव्याच्या विधानसभेत आमदार चाळीस. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर आणली. चाळीसचे १५ टक्के म्हणजे सहा. पण लहान राज्यांना किमान बारा मंत्री ठेवायची मुभा आहे. बहुमताला लागतात एकवीस. म्हणजे सत्तेत आलेल्या आमदारांपैकी निम्म्याहून जास्त मंत्री होऊ शकतात. मग निवड कसली राहते?

मार्च २०१७ ला भाजपला तेरा आणि काँग्रेसला सतरा जागा. मनोहर पर्रीकर दिल्लीतलं संरक्षण खातं सोडून आले आणि इतरांच्या पाठिंब्यावर सरकार बनवलं. त्यांच्याबरोबर नऊ मंत्र्यांनी शपथ घेतली. त्यात त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे दोनच. गोवा फॉरवर्डचे आमदार तीन, तिघेही मंत्री. मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) तिनातले दोन मंत्री. अपक्षांतले दोन मंत्री. ही माणसं सगळीच नालायक होती असं मी म्हणत नाही, काहींनी चांगली कामं केली. पण त्यांना मंत्री केलं ते खात्यासाठी नव्हे, आकड्यासाठी.

आणि आकडा बदलला की माणूस बदलतो. पर्रीकर वारले, मार्च २०१९ मध्ये मध्यरात्र उलटून गेल्यावर प्रमोद सावंतांचा शपथविधी झाला, मगो आणि फॉरवर्डचे नेते दोन्ही उपमुख्यमंत्री. त्याच महिन्यात मगोचे दोन आमदार भाजपमध्ये गेले आणि मगोचा उपमुख्यमंत्री बाहेर. जुलैमध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये आले आणि फॉरवर्डचे तिन्ही मंत्री बाहेर. त्यांच्या जागी परवापर्यंत विरोधी पक्षनेते असलेले गृहस्थ उपमुख्यमंत्री झाले.

आता मला सांगा, यात पक्षनिष्ठा कुठे आहे? मला तर वाटतं खरी पक्षनिष्ठा असती तर हे घडलंच नसतं. तुम्ही सगळे तिच्यावर चर्चा करताय, आम्ही तिला शोधतोय.

हिरवी शाई

मंत्रालयात नोकरी केलेला माणूस आहे, निवृत्त झालो. नावं घेणार नाही, पक्षही सांगणार नाही.

बाहेरच्यांचं सगळं लक्ष शपथविधीवर असतं. आम्ही वाट बघायचो ती खातेवाटपाची. पक्षाचा कस तिथे लागतो. मंत्रिपद सगळ्यांना देता येतं, पण गृह, महसूल, नगरविकास, जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम ही खाती कुणाकडे जातात त्यावरून त्या सरकारात कोण कुणावर विश्वास टाकतो हे कळतं. बाकीच्यांची बोळवण.

नवा मंत्री आला की विभागाचं सादरीकरण होतं. त्या पहिल्या तासात माणूस कळतो. एक मंत्री असे होते की सादरीकरण अर्ध्यावर थांबवून त्यांनी विचारलं, "बदल्यांची फाइल कुणाकडे असते?" बदल्यांचा २००५ चा कायदा आहे, एप्रिल-मेचा हंगाम ठरलेला आहे, पण मतदारसंघातल्या कार्यकर्त्यांच्या याद्या बारमाही येतात. या मंत्रिमहोदयांच्या टेबलावर अवघड नस्ती (फाइल) गेली की "चर्चा करावी" एवढा शेरा घेऊन परत यायची. चर्चा कधीच व्हायची नाही. नस्ती कपाटात.

दुसरे एक होते, तेही शुद्ध पक्षाच्या कोट्यातून आलेले. शिक्षण बेताचं. पण नस्ती आली की खालच्या लिपिकाच्या टिपणीपासून वाचत वर यायचे. सचिवांनी लिहिलेलं आणि कक्ष अधिकाऱ्याने लिहिलेलं यात फरक दिसला की दोघांना समोर बसवायचे. एकदा एका पाझर तलावाच्या प्रस्तावावर त्यांनी विचारलं की या गावाच्या वरच्या अंगाला आधीच एक तलाव आहे, मग याच्यात पाणी येणार कुठून? नकाशा काढला, खरंच होता. आम्हा पदवीधरांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते पक्षाच्या कामासाठी त्या भागात पायी हिंडलेले होते, म्हणून त्यांना माहीत.

तेव्हा पक्षाचा की बाहेरचा यापेक्षा पक्षाने त्याला कशासाठी पुढे आणलं, हे मी बघतो. पहिल्याला तालुक्यातलं गणित जमवायला आणलं होतं. दुसऱ्याने संघटनेत काम केलं होतं.

आणि सुधागड, आंबेडकरांची ती नोंदवून घेण्याची तक्रार आजही जशीच्या तशी लागू आहे. मंत्रिमंडळ टिपणी आधी सगळ्या संबंधित विभागांकडे अभिप्रायाला जावी, मंत्र्यांना वाचायला वेळ मिळावा, असा रिवाज. पण "आयत्या वेळचा विषय" म्हणून टेबलावर आलेला कागद किती मंत्री वाचत असतील? ज्यांना आधी माहीत असतं ते मोजकेच असतात, आणि ते मोजके कोण, हे पक्षात ठरतं.

कराडचा

चिंतामणरावांबद्दल पूर्ण आदर ठेवून एक उलटी बाजू मांडतो, कारण ती कुणी मांडलेली नाही.

त्याच १९५६ मध्ये यशवंतराव चव्हाण काय करत होते? ते पक्षात राहिले. नेहरूंच्या बाजूने बोलल्याबद्दल महाराष्ट्राने त्यांना किती शिव्या दिल्या हे आमच्याकडचे जुने लोक अजून सांगतात. सभा उधळल्या गेल्या. देशमुखांचा राजीनामा सोन्यासारखा चमकला आणि यशवंतराव गद्दार ठरले. पण द्वैभाषिकाचा, म्हणजे महाराष्ट्र-गुजरात मिळून केलेल्या राज्याचा, कारभार हातात घेऊन, राज्य असं चालणार नाही हे दिल्लीला पक्षाच्या आतून पटवून देण्यात त्यांचाही वाटा आहे. रस्त्यावरची चळवळ नसती तर दिल्ली हललीच नसती, हेही तितकंच खरं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा मुख्यमंत्री तेच होते.

मग १९६२. कृष्ण मेनन हे संरक्षणमंत्री म्हणजे निव्वळ नेहरूंच्या मर्जीतले. पक्षात त्यांना फारसं कुणी मानत नव्हतं. चीनने तडाखा दिल्यावर त्यांना घालवलं कुणी? विरोधकांनी आरडाओरडा केला, पण नेहरूंना झुकावं लागलं ते काँग्रेसच्याच खासदारांपुढे. त्यांच्या जागी यशवंतरावांना बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण म्हणतो ते यावरूनच. पुढे नाशिकमधून ते बिनविरोध लोकसभेवर गेले.

म्हणजे पक्ष हा पंतप्रधानावरचा लगामही असतो. ज्या दिवशी पक्षातले खासदार नेत्याला नको म्हणू शकत नाहीत त्या दिवशी पक्षाचा मंत्रीसुद्धा सुधागड म्हणतात तसा भाडेकरूच. आज मला काळजी वाटते ती याची.

पूर्वा

कराडचा आणि हिरवी शाई, तुमच्या प्रतिसादांमुळे माझं मत बरंच बदललं. मी "पक्ष बाजूला ठेवा" म्हणणाऱ्यांतलीच. पण मग सामान्य माणसाने नेमकं मागायचं काय? अमेरिकेसारखी जाहीर सुनावणी? एरीकाठची ताई म्हणतात तिथेही शेवटी पक्षच जिंकतो.

एरीकाठची

पक्ष जिंकतो, पण सुनावणीत माणूस उघडा पडतो, एवढा फायदा आहेच. १९८९ मध्ये संरक्षणमंत्रिपदासाठी दिलेलं जॉन टॉवर यांचं नाव सेनेटने ५३ विरुद्ध ४७ मतांनी फेटाळलं होतं, तेही स्वतः अनेक वर्षं सेनेटर राहिलेल्या माणसाचं. हल्ली हरण्याची चिन्हं दिसली की नाव आधीच मागे घेतात. तरी प्रश्न विचारले जातात आणि उत्तरं जाहीरपणे नोंदली जातात, हे माझ्या मते लहान नाही.

नागपुरी वकील

आपल्याकडे नेमणुकीपूर्वीची सुनावणी संसदीय पद्धतीत बसणार नाही. मंत्री पंतप्रधानांच्या किंवा मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने होतो, सभागृहाच्या मंजुरीने नव्हे. संख्येची मर्यादा घातली, तो मोठा बदल होता. त्याआधी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याण सिंगांचं मंत्रिमंडळ ९३ जणांचं होतं. महाराष्ट्रात २८८ चे १५ टक्के म्हणजे आता जास्तीत जास्त ४३. पण मर्यादा आली म्हणून वाटप थांबलं नाही. महामंडळं, मंत्रिपदाचा दर्जा, अशा वाटा निघाल्या.

सुधागड

सगळ्यांचे आभार. कराडचा यांच्या मुद्द्यावर मी खूप विचार केला. चव्हाण आत राहून लढले आणि देशमुख बाहेर पडून लढले. महाराष्ट्राला दोघेही लागले असं मला वाटतं. पण देशमुखांनी आणखी एक केलं, जे आत राहणाऱ्याला करता येत नाही. मंत्रिमंडळात आत काय घडलं ते त्यांनी सभागृहात सांगितलं. त्यामुळे आज जवळजवळ सत्तर वर्षांनी आपण त्यावर बोलू शकतो.

पूर्वाताई, माझं मागणं हेच आहे. लोकसभेच्या नियमांत १९९ वा नियम आहे. राजीनामा दिलेला मंत्री अध्यक्षांच्या संमतीने सभागृहात निवेदन करू शकतो, त्याची प्रत आदल्या दिवशी द्यावी लागते. आंबेडकरांच्या वेळी यावरूनच ठिणगी पडली. ऑक्टोबर १९५१ मध्ये ते निवेदन करायला उभे राहिले, उपाध्यक्षांनी आधी प्रत मागितली, त्यांना ती सेन्सॉरशिप वाटली आणि ते सभागृहातून निघून गेले. निवेदन वर्तमानपत्रांना दिलं.

आता मंत्री जातात ते "वैयक्तिक कारणास्तव" किंवा "प्रकृतीच्या कारणास्तव". खातं का काढलं, का बदललं, कुणीच सांगत नाही. मुख्यमंत्र्याने कुणाला निवडावं हे त्याच्यावर सोडू, ते त्याचं आणि त्याच्या पक्षाचं काम. पण जो मंत्री जातो किंवा ज्याला घालवतात त्याने सभागृहात उभं राहून कारण सांगितलंच पाहिजे, आणि मुख्यमंत्र्याने त्याला उत्तर दिलंच पाहिजे. विधानसभेतही. आपापल्या आमदाराला पुढच्या अधिवेशनाआधी हे पत्राने विचारा: तुमच्या पक्षाचा मंत्री गेला तर तुम्ही त्याचं निवेदन मागाल का? मी माझ्या आमदारांना लिहिलं आहे. उत्तर आलं की इथे टाकतो.

हिरवी शाई

पत्र आमदारांबरोबर विधानमंडळ सचिवालयालाही पाठवा आणि आवक क्रमांक घ्या. नाहीतर त्यावरही "चर्चा करावी" होईल.